बत्तीस वेळा मॅडम

सत्यशीला : हळू गं तेजश्री! रांगोळीवरच पाय देशील. पाहुणे यायला अजून तास हाय, एवढी पळतेस कशाला?

तेजश्री : मॅडम, रांगोळी पण तुम्हीच काढायची आणि सूत्रसंचालन पण तुम्हीच करायचं?

सत्यशीला : तासिकेवरच्या माणसाचं असंच असतं बाई. कायमवाल्यांनी हार घालून घ्यायचे, आम्ही ओवायचे. पण तुझं तोंड का उतरलंय? पप्पांना आज 'नावीन्यपूर्ण अध्यापन पुरस्कार' मिळतोय अन् तू...

तेजश्री : त्यांचा प्रस्ताव मी लिहिलाय.

सत्यशीला : ठाऊक हाय. अठरा पानं. सगळी स्टाफरूम म्हणते, अकरावीतल्या पोरीची भाषा बघा!

तेजश्री : नका ना मॅडम! मला आधी आभाळ ठेंगणं झालं होतं. 'ऊसतोडीला गेलेली मुलं वर्गात येत नव्हती, म्हणून सरांनी वर्गच फडात नेला' हे वाक्य सुचलं तेव्हा मी गादीवर नाचले होते, शप्पथ! मला वाटलं, सगळं पप्पांनीच केलंय.

सत्यशीला : मग कधी कळलं?

तेजश्री : परवा. समितीनं मुलांचे आवाज मागितले ना, कार्यक्रमात ऐकवायला? तुम्ही दिलेला पेनड्राइव्ह पप्पांनी जसाच्या तसा माझ्याकडं दिला. लावते तर काय, बारडोलीच्या फडातून फोनवर पप्पू, 'म्याडम, दुपारची सावली कांडीएवढीच भरली.' बेळगावहून म्हाळू, 'म्याडम, आमची कांडीपरीस चार बोटं कमी हाय.' जो तो म्याडम, म्याडम! डिसेंबरात एकाच दिवशी सगळ्यांनी हातभर उसाची कांडी उन्हात उभी करायची, सावली सगळ्यात आखूड होईल तेव्हा मोजायची, अन् आपण विषुववृत्तापासून किती लांब हे त्यावरून काढायचं. हे तर तुमचं होतं, मॅडम.

सत्यशीला : पप्पांना विचारलंस?

तेजश्री : विचारलं. म्हणाले, विभागाचं काम ते विभागप्रमुखाचं काम. तेवढं म्याडम काढून टाक. अन् मी काढलं. मोबाईलवर, बत्तीस ठिकाणी! इतकं सफाईदार जमलं की मीच माझ्यावर खूश. शेवटी बबिता राहिली. ती कराडच्या फडातून आकडा सांगते अन् मग विचारते, 'म्याडम, जेवलाव का?' तेही कापलं. नुसतं 'जेवलाव का' उरलं. मग ते मी परत परत ऐकत बसले. कुणाला विचारतीये ती? त्या रात्री मी ताट तसंच सरकवलं, मॅडम.

सत्यशीला : डोळे पूस. प्रस्तावाला लागणारे मुलांचे फोटो मीच दिले की तुझ्या पप्पांना. मागायच्या आधी दिले.

तेजश्री : पण का?

सत्यशीला : दर जूनला माझी नेमणूक नव्यानं होते. त्यांची शिफारस लागते. अकरा जून झाले असे. तुला एकटीलाच लाज वाटते व्हय? बबितानं विचारलं, 'म्याडम, आपल्या कांडीला बक्षीस लागलं म्हणं?' मी म्हटलं, हो, सरांना लागलं. फोन चालूच, अन् मागं नुसते कोयते वाजत होते.

तेजश्री : मूळ आवाज द्या मला. मी तेच लावते, सगळ्यांसमोर! होऊन जाऊ दे!

सत्यशीला : अन् उद्या? तू सोळा वर्षांची, तुला टाळ्या पडतील. मला घरी बसवतील.

तेजश्री : ...हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बघा, परत मीच मिरवायला निघाले. तेही तुमच्या जिवावर.

अंगद : तेजू! इथं हाय व्हय तू? समदं कॉलेज पालथं घातलं. आण तो पेनड्राइव्ह. पाहुणे धरणापर्यंत आलेत.

तेजश्री : पप्पा, आधी एक ऐका. एकच.

अंगद : आता? बरं, लाव लवकर.

(मोबाईलमधून मुलीचा आवाज : "तीन बोटं कमी भरली सावली... जेवलाव का?")

अंगद : झ्याक झालंय की! लई गोड आवाज हाय पोरीचा. कोण ही?

तेजश्री : बबिता.

अंगद : कुठली बबिता?

तेजश्री : तुमच्या वर्गातली, पप्पा. चौथ्या पानावर तुमच्या नावानं मीच लिहिलंय, 'बबिताच्या डोळ्यांतली चमक मी जन्मभर विसरणार नाही.' तुम्ही खाली सही केलीत.

सत्यशीला : सर, राहू द्या. लेकरू हाय. मी बोलताना सावरून घेईन.

अंगद : नका सावरू, म्याडम. किती दिवस सावरताल? मूळचे आवाज हायत तुमच्या फोनात?

सत्यशीला : हायत सर. बत्तीसच्या बत्तीस.

अंगद : म्या एकबी ऐकला न्हाई. पेनड्राइव्ह घेतला अन् पोरीच्या हातात टेकवला.

तेजश्री : मग हॉलमध्ये तेच लावू, पप्पा?

अंगद : ते बघू. आधी मला ऐकवा. पहिल्यापासून.

सत्यशीला : सर, पाहुणे...

अंगद : बसतील घडीभर. तेजू, दार लोटून घे.