मिनिटाला किती श्वास

दैवशाला : ...सतरा, अठरा, एकोणीस...

नागूबाई : तोंडानं मोजू नको गं.

दैवशाला : गेला ना आकडा, मावशी! आता पुन्हा पहिल्यापासनं.

नागूबाई : आशाताई झालीस म्हणून माझ्या नातवाचे श्वास मोजतीस व्हय? मरणाऱ्याचे मोजत्यात.

ज्ञानेश्वरी : मोजू द्या की, आत्या. मीच बोलावलंय तिला.

नागूबाई : तुला काय कळतंय? पाच महिन्याची आई तू. सर्दी हाय नुसती. सकाळी धुरी दिलीय म्या. निखाऱ्यावर ओवा, वेखंड, लसणाची सालं. दार-खिडकी लावून. बघ कसं गुमान पडलंय.

दैवशाला : गुमान न्हाय, थकलंय ते. दूध पितंय का?

ज्ञानेश्वरी : तोंड लावतंय अन् सोडतंय.

दैवशाला : मोबाइलवर घड्याळ लाव. साठ सेकंद झाले की सांग. मधी कुणी बोलायचं न्हाय. हं. एक, दोन, तीन, चार...

नागूबाई : रामहरीला तरी फोन...

दैवशाला : मावशी! पाया पडते तुमच्या.

नागूबाई : बरं. बरं.

(बाळाचं झबलं वर सारलेलं. पुरा एक मिनिट कुणीच बोलत नाही.)

ज्ञानेश्वरी : झालं.

दैवशाला : बासष्ट.

ज्ञानेश्वरी : म्हंजी?

दैवशाला : एवढ्या लेकराचे पन्नासच्या आत पाहिजेत.

नागूबाई : लहान जीव भराभराच घेणार. शेळीचं पिल्लू बघ की.

दैवशाला : पण का घेतंय? हवा नळीतनं आत जाती. नळीला फांद्या फुटत्यात, फांद्यांच्या टोकाला बारीक बारीक फुगे. रक्ताला हवा मिळती ती तिथंच. त्या फुग्यांत पाणी साचलं की एका श्वासात भागत न्हाय. मग दोन घ्यायचे. तीन घ्यायचे. अन् वरनं तुमचा धूर. आपण खोकून काढतो, मावशी. ह्याची नळी गव्हाच्या काडीएवढी.

नागूबाई : माझी सासू देत हुती. तिची सासू देत हुती.

दैवशाला : बरगडीखाली बघा. श्वास घेतला की आत ओढतंय. खड्डा पडतोय. बघा ना.

नागूबाई : बघितलाय.

दैवशाला : कुठं? तुमी तर भिंतीकडं बघताय.

नागूबाई : हा खड्डा बघितलाय म्या. शंभुलिंगाला.

ज्ञानेश्वरी : कोण शंभुलिंग?

नागूबाई : रामहरीच्या आधीचा.

ज्ञानेश्वरी : ह्यांनी कधी सांगितलं न्हाय.

नागूबाई : त्याला तरी कुठं म्हाईत. सात महिन्याचा हुता. असंच दूध सोडलं. असाच खड्डा.

दैवशाला : मग काय केलं तुमी?

नागूबाई : धुरी वाढवली.

ज्ञानेश्वरी : आत्या...

दैवशाला : ते मागनं. बलभीमची टमटम बोलावते. अर्ध्या तासात तालुक्याला, वाशीच्या दवाखान्यात पोचू. ज्ञानेश्वरी, लेकराला गुंडाळ, पण छातीवर आवळू नको. नाक उघडं ठेव.

ज्ञानेश्वरी : ह्यांना इचारल्याबिगर कसं... मेंढरं घेऊन सोनारीकडं गेलेत. फोनच लागंना.

नागूबाई : त्याला काय इचारतीस? तो हाय का इथं? ऊठ!

दैवशाला : हॅलो, बलभीमदादा? दारात या. न्हाय, आत्ता. जेवण ऱ्हाऊ द्या.

नागूबाई : दैवशाला.

दैवशाला : काय, मावशी?

नागूबाई : डाक्टर इचारल ना, घरी काय काय केलं म्हणून?

दैवशाला : इचारणारच.

नागूबाई : तू बोलू नको. हिलाबी बोलू देऊ नको. म्या सांगन. दोन्ही लेकरांचं सांगन.