सोवळं वाळवायची मशीन

सोवळं दोरीवर वाळताना तुमी पायलं असन, पण आमच्या अकोल्याचे एक वकीलसाहेब ते मशीनीत वाळवत. उन्हाळ्यात इथं धोतर झटकेपर्यंत वाळते. तरी या मानसानं, मुलूख सोडून गेलेल्या गोऱ्या साहेबायच्या लिलावातून, कपडे वाळवायच्या तीन जुन्या मशीनी जमवल्या. कावून, तर झाकन लावलं की सोवळ्याले कोनाचा हात लागत नाही.

एक बंद पडली. गावात तिची माहिती असलेला वायरमन मी एकटा, अन् आमी नुकतीच दीक्षा घेऊन बौद्ध झालेलो. वकीलसाहेब म्हनाले, "आत हात न घालता दुरुस्त कर."

"साहेब, बिघाड आतच हाये."

मंग नाइलाजानं हात घालू देला. दुरुस्त करून मी फाटकापर्यंत पोचलो नसन, तं त्यायनं मशीन शुद्ध करासाठी आतून-बाहेरून तांब्याभर पानी शिंपडलं अन् बटन दाबलं. धूर निघाला. बाकीच्या दोन्ही पडून पडून बिघडलेल्या. दुसरी मशीन काढली, मी दुरुस्त केली, त्यायनं पानी शिंपडलं, तिचंबी तसंच झालं.

तिसरी उघडण्याआधी मी म्हटलं, "साहेब, यावेळी पानी माह्याच अंगावर शिंपडा. माह्यात वायरी नाहीत."