मंगळवारचं रजिस्टर

बसा जी मॅडम — तो पंखा आवाज करते, पन पडत नाई. तं काय सांगत होतो मी? आमची कामाची पद्धत! पुण्याहून तुमी तेच तपासाले आल्या, कोन्या लेव्हलची हाय ते ठरवाले, मंग समदं मोकळंच सांगतो. आमी सहा जन, जिनिंगवाल्यायसाठी काट्याचं सॉफ्टवेअर बनवतो — कापसाची गाडी काट्यावर आली का वजनाची पावती निघाली पायजे, बस. आन दर मंगळवारी मिटिंग. कोनती चूक सापडली, कोनं सुधरवली, कोनं तपासली — हे पाहा रजिस्टर, खाली सहा सह्या. विक्कीचं अक्षर पाहा! पह्यल्या पानापासून शेवटपर्यंत एकच शाई — लय शिस्तीचा पोरगा.

लेव्हल तीन भेटलीच पायजे मॅडम. नाई भेटली तं बाजार समितीचं काम जाते, मंग दीपा चालली पुण्याले, विक्की हैदराबादले, आन मी यवतमाळात रिकाम्या खुर्च्या राखत बसतो. भेव वाटते जी, खरंच.

तो फोटो? आमचाच! दीक्षाभूमीवरचा, मागच्या चौदा ऑक्टोबरचा. हापिसले कुलूप, सहाच्या सहा जन पहाटच्या एसटीनं नागपूरले. गर्दीत दीपाची चप्पल हरपली, अनवानी आली बिचारी, आन विक्कीनं तं — काय? कोनतं पान? चौदा ऑक्टोबर... मंगळवार... सहा सह्या.

अरे बाप्पा.

आता काय लपवू? परवा क्यालेंडर पाहून एका बैठकीत भरलं समदं. तुमच्या यादीत रजिस्टर होतं, आमच्याजवळ नोतं. आमच्याजवळ काय होतं, तं — थांबा, याच ड्रावरात हाय — ही वही. मुकुटबनच्या जिनिंगच्या काट्यावर रुखमाबाई बसते. नवं काई बनवलं का पह्यले तिच्याकडं. अडलं का या वहीत लिहिते, सुधरलं का बरोबरची खूण करते, वही भरली का इकडं धाडते. तिची खूण नाई तोवर दुसऱ्या जिनिंगले काईच जात नाई, तीन वर्सं झाले. चहाचे डाग पडले म्हून तुमच्यापुढं ठेवाची लाज वाटली मले.

हिच्यात मंगळवार नाई मॅडम, बिघडलं तोच वार हाय. चौदा ऑक्टोबर पाहाचं? पाहा ना — 'पावती अटकली. फोन लावला. हापिसात कोनी नाई.'

...हं. अन खाली — 'पंधरा. सकाळी सातले विक्की आला. सुधरलं.' खूण हाय.

द्या ते रजिस्टर इकडं. ही वही ठेवा. काय लिहाचं ते लिहा तुमी — मी चहा सांगून येतो.