कडंला धरली की बरोबर

माझं माहेर बिद्रीच्या पलीकडं, सगळा ऊसपट्टा, आणि मी दहावीपतूर शिकलो, शिकलोच म्हणतो बरं का, आमच्याकडं बायकाबी आलो-गेलो म्हणत्यात, हसू नका. लगीन होऊन शिवाजी पेठेत आलो तर सोप्यातच, म्हंजे पुढच्या पडवीतच, लेथ मशीन. लोकांच्या सोप्यात झोपाळा असतोय, आमच्यात लेथ. आमचं मालक त्याच्यावर पंपात बसणाऱ्या पिना करायचं, सहा मिलीमीटर जाडीच्या, आणि मी भाकरी थापत त्यो आवाज ऐकायचो.

मग मालकांस्नी साखर झाली, साखरेनं नजर धरली. मायक्रोमीटर तुम्ही बघितलाय का, घोड्याच्या नालागत असतोय, त्याच्या दोन जबड्यांत वस्तू धरायची आणि बारीक रेघा वाचायच्या, त्या रेघा त्यास्नी दिसंनात. मला हाक मारायचं, शालन, ही कुठली रेघ गं, वाच जरा. अशी मी वाचाय शिकलो. एक दिवस मी इचारलं, अहो, पर हे हत्यारच खोटं बोलत असंल तर? ते हसलं आणि कपाटातनं एक लाकडी पेटी काढली, आत स्टीलच्या चकचकीत लाद्या, एकेकीवर माप कोरलेलं. म्हणालं, हत्यारानं ह्यास्नी बरोबर मोजलं तर ते खरं.

तवापासनं दर सोमवारी माझा नेमच झाला. हत्यार आणि लाद्या फडक्यानं पुसून एकाच फरशीवर तासभर ठेवायच्या, हातात घेऊन बसायचं न्हाय, अंगच्या उबीनं लोखंडबी फुगतंय. मग एकेक लादी जबड्यात धरायची, आकडा वहीत लिव्हायचा. शेजारच्या बायका म्हणायच्या, शालन लोखंडाची दृष्ट काढत बसतीया. म्हणू देत.

आता खरं सांगायचं ते सांगतो. एमआयडीसीतल्या एका कंपनीनं आमच्या आठशे पिना परत पाठीवल्या. तपासणीचं साहेब फोनवर मला म्हणालं, काकी, सगळा माल वीस मायक्रॉननं कमी हाय, मामांची नजर गेली, आता बसवा त्यास्नी घरात. वीस मायक्रॉन म्हंजे काय तर केसाचा चौथा हिस्सा. मी सांगितल्यावर मालकांनी भर दुपारी लेथवर चादर टाकली आणि भिंतीकडं तोंड करून पडलं. काय सांगू तुम्हाला, चाळीस वर्सांचा हात हो त्यो. मी दोन दिवस बसून सगळ्या पिना परत मोजल्या. बरोबर हुत्या. म्हटलं, उठा, जायाचं कंपनीत. ते म्हणालं, नगं, मोठी माणसं हायत. म्हटलं, मोठी असूदेत, माप मोठ्या माणसाला येगळं आणि आपल्याला येगळं असतंय व्हय?

पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. साहेबांनी आधी कागदच पुढं केला, आमचा मायक्रोमीटर गेल्या महिन्यातच तपासून आलाय. म्हटलं, मग माझी ही लादी त्यात धरून दावा. सहाची लादी धरली तर आकडा सहाच आला, नीट सहा. मग आमची पीन धरली, ती वीस मायक्रॉननं कमी. साहेब म्हणालं, बघा. मालकांनी मान खाली घातली.

मी लादी आणि पीन शेजारी ठेवून बघितली. मग डोक्यात आलं, लादी चपटी हाय आणि पीन गोल. म्हटलं, साहेब, पीन जबड्याच्या मधी धरलीसा, जरा कडंला धरा. आणि वाचा तुम्हीच, माझ्यावर इस्वास ठेवू नका. त्यांनी कडंला धरली, वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. सहा. परत मधी धरली, कमी. परत कडंला, सहा.

गडबड बघून त्यांचं मॅनेजर आलं, त्यास्नी मी सांगितलं, वर्सानुवर्सं बारक्या पिना एकाच जागी धरून जबड्याला मधी बारीक आडवा चर पडलाय. ताटावर फळी ठेवली तर ती कडांवर टेकती, खालचा खोलगा कळत न्हाय, पर बोर ठेवलं तर ते बुडतंय की. तसं झालंय. त्यांनी नवा मायक्रोमीटर मागवला आणि चाळीस-पन्नास पिना तिथंच मोजल्या. एकबी कमी न्हाय. सगळी माणसं गोळा झाली हुती, त्यांच्यादेखत साहेब मालकांजवळ गेलं, म्हणालं, मामा, माझं चुकलं. आणि मालक काय म्हणालं म्हाईत हाय? म्हणालं, तुमचं न्हाय, हत्याराचं चुकलं. मला लई भरून आलं बघा.

माल ठेवून घेतला, वर त्यांची सात हत्यारं माझ्याकडं तपासाय दिली. परतताना मालकांनी शाहूपुरीत रिक्षा थांबवली, दोन दिवसांचं उपाशी माणूस, दोन प्लेट मिसळ खाल्ली आणि हाटेलवाल्यालाबी सगळं सांगितलं.

आता पेठंतनं, शाहूपुरीतनं लोक हत्यारं घेऊन येत्यात. कागद प्रयोगशाळेचाच लागतोय, त्यो मी देत न्हाय, पर दुखणं कुठं हाय ते सांगतो. मालकांस्नी आता कमीच दिसतंय, तरी सकाळी लेथला बसत्यात, हातानं चाचपून पीन उतरवत्यात आणि माझ्यापुढं धरत्यात. मी वाचतो. दोघांत मिळून एक कारागीर पुरा हुतोय, आणि त्या कारागिराचा माल अजून कुणी परत पाठीवला न्हाय. तुमचंबी घरात असंच जुळून ऱ्हावं, पावणं.