अठ्ठावीस अंडी

(मुलगी कीटकशास्त्रज्ञ, कार्यालयातून फोनवर; बाबा शेतात, टोमॅटोच्या सरीत.)

बाबा: पन्नास झाडं पाहिली, अळीची अंडी मोजली. अठ्ठावीस अंडी.

मुलगी: अठ्ठावीस? गेल्या सोमवारी सहाच होती! बाबा, आजच फवारून टाका.

बाबा: पंप धुऊन उलटा टाकलाय.

मुलगी: चेष्टा नको. उद्या साठ भाजीवाले शेतकरी आपला प्लॉट बघायला येणार. सव्वीस वर्षं मी ‘आधी मोजा, मग फवारा’ सांगत फिरले. आपल्याच टोमॅटोत अळी निघाली, तर माझं कोण ऐकेल?

बाबा: आणि तूच गुपचूप फवारलंस, तर?

मुलगी: पहिल्याच वर्षी एकाला थांबायला लावलं होतं मी. त्याची सगळी वांगी गेली.

बाबा: आठवतं. दोन दिवस जेवली नव्हतीस. वर मीच म्हटलं, किडे मोजून कुणाचं भलं झालंय? चारचौघांत ‘मुलगी काय करते’ विचारलं, की ‘नोकरी’ म्हणायचो आणि विषय बदलायचो.

मुलगी: ते आत्ता कशाला उकरून काढता?

बाबा: कारण अंड्यांचा रंगसुद्धा न विचारता पंप उचलायला सांगतेस. ही माझी जुनी खोड, तुझी नव्हे.

मुलगी: ...कोणता रंग?

बाबा: काळा.

मुलगी: नीट सांगा. नुसता काळा ठिपका असेल, तर आत अळी तयार आहे. आज-उद्या बाहेर पडेल.

बाबा: ठिपका नाही, अख्खं अंडं काळं. तुझं कॉलेजचं भिंग लावून पाहिलं. चष्मा घालून पाहिलं, काढून पाहिलं.

मुलगी: अख्खं? किती अंडी तशी?

बाबा: चोवीस.

मुलगी: म्हणजे मी पानांना टाचायला दिलेली मित्रमाश्यांची कार्डं...

बाबा: लागू पडली. तुझ्या त्या टाचणीच्या टोकाएवढ्या माश्यांनी अळीच्या अंड्यातच आपलं अंडं घातलं. आता त्यातून अळी नाही, माशीच निघणार. हे मी तुला शिकवतोय, म्हणजे कमालच!

मुलगी: थांबा, लिहून घेते. उरलेली चार?

बाबा: पांढरी आहेत. त्या पानांना दोरा बांधलाय. उद्या पाहुण्यांसमोर तूच बघ त्यांचं काय करायचं ते.

मुलगी: बाबा, तुम्हाला ही मोजायची सवय कशी लागली?

बाबा: दर सोमवारी मोजतो. पूर्वी फवारायचो, तोच वार. हाताला काहीतरी हवंच ना.

मुलगी: मग उद्या तुम्हीच बोला.

बाबा: किड्यांचं तू सांग. मी फक्त सुरुवातीला उभा राहीन.

मुलगी: आणि काय म्हणाल?

बाबा: म्हणेन, माझी मुलगी किडे मोजते.