बासष्ट पायऱ्या, सतरा चिठ्ठ्या

बायको : आणि नळावर ही काय चिठ्ठी डकवलीय?

तपासनीस : वाच की. ‘क्रमांक नऊ. बंद केल्यावरही सात थेंब पडतात. मग थांबतो.’

बायको : अहो, दहा वाजता घर बघायला येतायत!

तपासनीस : म्हणूनच तर सकाळपासून खपतोय. त्या नळाखाली वाकून थेंब मोजताना कंबर धरली माझी.

बायको : मी पडदे धुतले, फरशी घासली. आणि तुम्ही घराच्या अंगभर चिठ्ठ्या लावत फिरताय!

तपासनीस : एकतीस वर्षं बल्बच्या कारखान्यात तपासनीस होतो. माझ्या हाताखालून सदोष माल चिठ्ठीशिवाय बाहेर गेला नाही.

बायको : ठाऊक आहे. निवृत्तीला साहेबांनी दिलेल्या घड्याळालाही लावली होतीत. भर समारंभात.

तपासनीस : चार मिनिटं मागे होतं ते.

बायको : मागच्या गिऱ्हाइकाला तुम्ही आधी ओल दाखवलीत, मग घर. बिचारा चहा न घेता गेला. त्याच्या आधीच्याला म्हणालात, ‘घ्या, पण विचार करून घ्या.’

तपासनीस : त्याने विचार केला.

बायको : हसू नका. तळमजल्याचं ते घर आपल्यासाठी आज संध्याकाळपर्यंतच थांबणार आहे. या बासष्ट पायऱ्या माझ्या गुडघ्यांना आता झेपत नाहीत. महिन्याभरात दोनदा खाली उतरले, दोन्ही वेळा डॉक्टरांकडे.

तपासनीस : …हो गं. माहितेय.

बायको : मग काढा सगळ्या. ही घ्या पिशवी.

तपासनीस : कपाटाची तरी राहू दे. दार अंगावर येतं.

बायको : मी धरून उभी राहीन. काढा! आणि थांबा, ही खिडकीतली कसली? ‘क्रमांक चौदा. स्वयंपाकघराची खिडकी. दहा ते बारा ऊन. ही इथे बसून मटार सोलते आणि गुणगुणते. दोष नाही.’

तपासनीस : पास झालेल्या मालाचीही नोंद ठेवावी लागते. नियम आहे.

बायको : माझं गुणगुणणं तुम्हाला ऐकू येतं?

तपासनीस : येतं. सुरात नसतं, पण त्यात खिडकीचा काय दोष?

बायको : आणा ती इकडे.

तपासनीस : पिशवीत टाकतो की.

बायको : इकडे आणा म्हटलं ना.

(दारावर टकटक.)

गिऱ्हाईक : येऊ का काकू? बेल दाबली नाही. बिघडलीय असं बाहेर लिहिलंय. क्रमांक एक.

बायको : बाहेरसुद्धा? अहो!

गिऱ्हाईक : जिन्यातही आहेत ना. ‘वीस झाल्या. इथे कठड्यावर भरवसा ठेवू नका.’ ‘चाळीस. इथे आमची मंडळी दम खातात, तुम्हीही खा.’ मी खाल्ला.

बायको : यांचं मनावर घेऊ नका हो. स्वभावच तसा आहे.

गिऱ्हाईक : या आठवड्यातलं हे सहावं घर, काकू. आधीच्या पाच घरांत नावालाही दोष नव्हता. एकीकडे सहज कॅलेंडर सरकवलं, तर मागे माझा अख्खा हात जाईल एवढं भोक! बाकीच्या चिठ्ठ्या कुठायत?

तपासनीस : या पिशवीत. एकूण सतरा.

बायको : झालं!

गिऱ्हाईक : द्या. वाचत वाचतच बघते घर… काका, नळाचे सात नाही, आठ थेंब पडले.

तपासनीस : आठ? अगं, पेन दे जरा.

गिऱ्हाईक : राहू दे हो. ओल काढता येईल, कपाटाला बिजागरी बसवू. पायऱ्यांचं म्हणाल तर माझी दोघं पोरं दिवसभर उड्याच मारत असतात, मस्ती जिरेल जरा. घर पसंत आहे मला. दुपारी यांना घेऊन येते, पक्कंच करून टाकू.

बायको : खरंच?

गिऱ्हाईक : खरंच. फक्त क्रमांक चौदा सापडत नाहीये. तिथे काही मोठं निघालंय का?

तपासनीस : चौदा ना? ते असं आहे—

बायको : ती चिठ्ठी आम्ही बरोबर नेणार आहोत.