माझ्या हिरडीत कोण आहे?

सकाळी सव्वादहा. दंतरुग्णालय, तिसरा मजला, खिडकीजवळची खुर्ची. खुर्चीत मी, आडवा. तोंड उघडं, खालची हिरडी पाकिटासारखी उघडलेली, चेहऱ्यावर हिरवं कापड आणि कापडाला तोंडापुरतं भोक. आणि अशा वेळी, तुम्हाला सांगतो, अशा वेळी माझ्या कानावर काय यावं? डॉक्टरीणबाई हळूच विचारतायत, "यातली काकांची कुठली?" आणि पलीकडून उत्तर येतंय, "नाव होतं हो मॅडम... पुसलं गेलं."

पुसलं गेलं! अहो, शाळेतली पाटी आहे का ती? आणि मी हे मनात म्हणतोय न म्हणतोय तोच वरून आवाज, "काका, घाबरायचं काही नाही हं!"

आता एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. मी जन्मभर वार्ताहरकी केली. पूल खचला, साहेब म्हणाले, घाबरायचं काही नाही. कारखान्यातून वायू सुटला, माणसं तोंडाला रुमाल लावून पळतायत, आणि मालक गाडीची काच वर करत म्हणतोय, घाबरायचं काही नाही! हे वाक्य जिथे ऐकलं तिथे मी वही काढली, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी. आज तेच वाक्य माझ्या उघड्या तोंडावर येऊन पडलं, तर वही कुठे? कोटाच्या खिशात. कोट कुठे? खुंटीला. आणि मी? मी आ करून!

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हालाही माझ्यासारखी गुंगी यायची. मुळापासून सांगतो. म्हणजे दाताच्या मुळापासून.

आमच्याकडे पाणीपुरवठा खात्याचे एक मोठे साहेब आहेत. आम्ही वार्ताहर त्यांना पाणीसाहेब म्हणतो. या साहेबांनी नवे पाइप मागवले. पाइप आले, हे सगळ्यांनी पाहिलं. पण ते जमिनीत नाहीत, गोदामात नाहीत... मग गेले कुठे? हा प्रश्न मी त्यांना इतक्या वेळा विचारलाय की त्यांचा शिपाईसुद्धा मला "या, पाइपवाले" म्हणतो. आणि साहेबांचं उत्तर ठरलेलं. पोट पुढे, डोळे अर्धे मिटलेले, आवाज लोण्यासारखा, "चौकशी चालू आहे." बस्स. जन्माचं भांडवल तेवढंच!

तर एकदा त्यांच्या पत्रकार परिषदेत मी तावातावाने उठलो, "साहेब, पाइप..." आणि खालचा पुढचा दात हलला. हलला म्हणजे काय, मान डोलावली त्याने! आणि प्रश्नाच्या जागी बाहेर पडली शीळ. अख्खी परिषद हसली. एकटे साहेब हसले नाहीत. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "माझाही हलतो. या रुग्णालयात दाखवा." मी दचकलो. अहो, त्या माणसाने आयुष्यात मला दिलेली पहिली खरी माहिती ती!

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या, त्यामुळे पहिल्या वाक्यापासून "काका". म्हणाल्या, "काका, दात काही हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दात आणि हाड यांच्या मधे बारीक धाग्यांचा एक पडदा असतो, तो दाताला धरून ठेवतो. तुमच्या पुढच्या चार दातांचा पडदाच गेलाय. हाडही झिजलंय."

"मग?"

"मग दोन रस्ते. काढून टाकायचे आणि कवळी बसवायची..."

कवळी! माझे एक संपादक होते, कवळीवाले. रागावले की शब्दांच्या आधी कवळी बाहेर यायची. लोक त्यांना घाबरायचे नाहीत, तिला झेलायला तयार राहायचे. आणि ज्या वार्ताहराला माणसं घाबरत नाहीत त्याने घरी बसून शब्दकोडी सोडवावीत. म्हणून मी विचारलं, दुसरा रस्ता?

"तुमची अक्कलदाढ अजून शाबूत आहे. ती काढू, तिच्या मुळावरच्या चांगल्या पेशी खरवडून घेऊ, प्रयोगशाळेत वाढवू, त्यांचा पातळ पापुद्रा झाला की हिरडी उघडून आत बसवू. तुमच्याच पेशी, तुमच्याच तोंडात. प्रयोग नवा आहे, पण घाबरायचं काही नाही!"

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, होती नव्हती ती अक्कलही देऊन आलात?"

दाढ गेली. आणि मग मला लागलं वेड. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला प्रयोगशाळा, तिथे पेशीवाल्या बाई. चष्मा, टोपी, तोंडाला पट्टी. बाईंचा चेहरा मी आजतागायत पाहिलेला नाही, पण स्वच्छता अशी, की काय सांगू! हातावर स्पिरिट फवारायचं, हातमोज्यांवर फवारायचं, बाटलीवर फवारायचं, टेबलावर फवारायचं. मी दारात उभा राहिलो तर माझ्यावरही फवारलं! एक कपाट, आत शरीराइतकीच ऊब, त्यात चपट्या बाटल्या, बाटल्यांत गुलाबी पाणी. आणि तळाशी कोण? मी! सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर लांबुळक्या लांबुळक्या माशांसारख्या पेशी, सगळ्या एका दिशेने तोंड करून, जणू रेशनच्या रांगेत. मला तर भरूनच आलं. दर दोन दिवसांनी बाई जुनं पाणी काढून नवं घालायच्या, आणि मी काचेबाहेरून विचारायचो, "जेवल्या का?"

बायकोला हे कळलं. "घरातल्या कुंडीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाहीत, आणि तिथे जाऊन जेवणाची विचारपूस करताय! मी आजारी पडले तेव्हा तरी विचारलंत का, जेवलीस का म्हणून?"

त्याच कपाटात, माझ्या शेजारीच, आणखी एक बाटली होती. मी विचारलं, ही कुणाची? बाई म्हणाल्या, "आहेत एक साहेब, पाणीखात्यातले."

पाणीसाहेब! माझ्या शेजारी! म्हटलं, बाई, ही बाटली जरा लांब ठेवा. तर बाई म्हणतात, "बाटलीबंद आहेत हो दोघं, भांडणार थोडेच! घाबरायचं काही नाही."

तर आता या पुन्हा खुर्चीवर. सव्वादहाला माझा नंबर, माझ्यानंतर लगेच पाणीसाहेबांचा. म्हणून पेशीवाल्या बाईंनी दोघांचे पापुद्रे एकाच डब्यातून आणले. दोन झाकणबंद काचेच्या ताटल्या. आणि आणण्यापूर्वी काय केलं असेल? फवारलं! दर वेळी ज्या पेनने नाव लिहायच्या त्याची शाई स्पिरिटने जात नाही म्हणे. ते संपलं होतं. म्हणून हाताशी दुसरं पेन होतं त्याने लिहिलं. आणि मग स्वच्छतेची इतकी हौस, इतकी हौस, की जंतूही गेले आणि नावंही गेली!

मी ओरडलो. म्हणजे मी ओरडायचा विचार केला. बाहेर आलं, "ऑं! ऑं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो हो काका, थुंकी ओढून घेते," आणि तोंडात नळी सारली. सुर्रर्र! माझा प्रश्न नळीतून बादलीत गेला हो!

मग मला आठवलं. सुरुवातीलाच सांगितलं होतं, दुखलं तर डावा हात वर करा. केला मी डावा हात वर! ताठ! पत्रकार परिषदेत करतो तसा!

"अरे, दुखतंय का काकांना?" आणि टोचलं आणखी एक इंजेक्शन.

मी पुन्हा हात वर. पुन्हा इंजेक्शन! हनुवटी गेली, ओठ गेला, नाकाचं टोक गेलं. तिसऱ्यांदा हात उचलणार, तोच लक्षात आलं की असंच चाललं तर मी अख्खाच बधिर होईन आणि या दोघी निवांत टॉस करतील. ठेवला हात खाली. मुकाट. जन्मात पहिल्यांदा.

आणि वर काय चाललंय? "ताई, आठवून बघा ना." "काकांची मी नेहमी डावीकडे ठेवते, मॅडम." "कपाटात की डब्यात?" "कपाटात." "आणि डब्यात?" मग नुसता काचेवर काच वाजल्याचा आवाज. तुम्हाला सांगतो, मी दंगली पाहिल्यात, आगी पाहिल्यात, पण त्या आवाजाइतकी भीती कशाचीच वाटली नाही. मग बाई म्हणाल्या, "डब्यातही डावीकडेच. बहुतेक."

बहुतेक!

डॉक्टरीणबाई माझ्या डोळ्यांवरचं कापड जरा वर करून वाकल्या. डोळे तेवढे दिसले. तेही घाबरलेले होते. "काका, नीट ऐका. दोघांच्याही रक्ताच्या तपासण्या स्वच्छ आहेत, बाधा व्हायची भीती नाही. हिरडी उघडलेली आहे, जास्त वेळ ठेवता येत नाही. पापुद्रा न बसवता शिवली, तर हे चार दात जाणार. मी वाटलं तर शिवून टाकते. नाहीतर ही डावीकडची बसवते, आणि दोन्ही ताटल्यांतला एकेक तुकडा नळीत घालून तपासणीला ठेवते, म्हणजे नंतर कळेल. बसवू का? हो असेल तर उजवा हात."

आता सांगा! जन्मभर दुसऱ्याला म्हणत आलो, फक्त हो किंवा नाही, एवढंच उत्तर द्या! आज माझ्यावर आली. एकीकडे चार दात, म्हणजे माझी भाकरी, माझा आवाज, पुढच्या बाकावरून उठून विचारलेला प्रश्न. दुसरीकडे पाणीसाहेब, कायमचे, हिरडीत! डोळ्यांसमोर ते संपादक आले. त्यांची कवळी आली. आणि माझा उजवा हात वर गेला. मी केला नाही हो... गेला!

बसवला. शिवलं. उरलेला पापुद्रा, साहेबांनाही सगळं सांगून, त्यांच्या हिरडीत. दात हळूहळू घट्ट झाले. इतके घट्ट, की बायको म्हणते, "आता तोंड आवळायला काय हरकत आहे?" पण मला झोप कुठली! रोज आरशासमोर ओठ खाली ओढून बघायचं. हिरडी गुलाबी, गुबगुबीत. जरा जास्तच गुबगुबीत. साहेबांच्या पोटासारखी. हा मी आहे की ते?

मग एका सकाळी बायकोने विचारलं, "गॅसचं सांगितलंत का?" आणि मी, डोळे अर्धे मिटलेले, म्हणालो, "चौकशी चालू आहे."

तिच्या हातातला पेला खाली पडला. माझं पाणी पाणी झालं. तडक उठलो, रुग्णालय गाठलं. तर बाकावर आधीच कोण बसलेलं? पाणीसाहेब! चेहरा पांढराफटक. मला बघताच बाजूला सरकले आणि कानात म्हणाले, "काय हो, तुम्हाला काही होतंय का? मला... मला प्रश्न पडायला लागलेत!"

"कसले?"

"परवा बैठकीत वरिष्ठांसमोर उभा राहिलो आणि माझ्या तोंडून निघालं, पाइप गेले कुठे? माझ्या तोंडून! सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही बघायला लागलो. अहो, उत्तर मला माहीत आहे, तरी विचारलं!"

"मग सांगा ना, गेले कुठे?"

साहेबांनी तोंड उघडलं. आता बोलणार, आता बोलणार... आणि दार उघडून डॉक्टरीणबाई आल्या.

दोघेही एकदम उठलो. मी म्हटलं, बाई, त्या तपासणीच्या नळ्या? साहेब म्हणाले, "हो, नळ्या? गेल्या कुठे?" बघा! प्रश्न विचारायची माझी ढब!

डॉक्टरीणबाई हसल्या. "आहेत ना. दोन्ही आहेत. ताईंनी थंड पेटीत अगदी जपून ठेवल्यात. स्वच्छ."

"स्वच्छ म्हणजे?" आम्ही दोघं, एका सुरात.

डॉक्टरीणबाईंचं हसू ओठांवरच राहिलं. आतून पेशीवाल्या बाई पेटी घेऊन आल्या. झाकण काढलं. दोन नळ्या, काच अशी लख्ख, की आम्हा दोघांची तोंडं त्यात दिसावीत. डावी की उजवी, एकीवरही काही लिहिलेलं नाही.

"घाबरायचं काही नाही," पेशीवाल्या बाई म्हणाल्या, "आत पेशी सुखरूप आहेत. आता तुमच्या दोघांच्या थुंकीशी ताडून बघायचं, म्हणजे कुठली नळी कुणाची ते कळेलच. कुणाच्या हिरडीत कोण, ते पुढे बघू. वर विचारलंय. परवानगी यायचीय."

त्याला आता महिने झाले. बायको रोज विचारते, काय झालं? मी रोज सांगतो, चौकशी चालू आहे. पाइप मिळालेले नाहीत. माझे चारही दात घट्ट आहेत. कुणाच्या जिवावर, ते अजून कुणीही सांगितलेलं नाही.